'समाधानकारक' या शेऱ्यापुढे काय झालं? पुण्यातल्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील विद्यापीठांचे कुलगुरू, विधी आणि समाजकार्य महाविद्यालयांचे प्राचार्य, आणि पीएच.डी.चे विषय मंजूर करणारे सर्व मार्गदर्शक,

स. न. वि. वि.

मी 31 वर्षं परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. हे पद सांगितलं की निम्मे लोक विचारतात, "कोणत्या बँकेत?" म्हणून आधी तेवढं सांगते. आपल्याकडे 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. गुन्हा शाबीत झाला तरी माणसाला तुरुंगात न पाठवता ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडायची सोय त्यात आहे. सोडण्याआधी न्यायालय आमच्याकडून अहवाल मागवतं, आणि तसा आदेश झाला तर पुढे किमान वर्षभर त्या माणसावर देखरेख ठेवायची जबाबदारी आमच्यावर येते. म्हणजे त्याच्या घरी जायचं, आईशी बोलायचं, कामावरच्या मालकाशी बोलायचं, आणि परत येऊन लिहायचं. लिहिण्याच्या कागदावर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्या रकान्यात मी नोकरीभर एकच शब्द लिहीत आले: समाधानकारक.

जो पोरगा रिक्षाचं परमिट काढून मार्गाला लागला त्याच्यापुढे समाधानकारक. जो दारूत बुडाला, पण पोलिसांत पुन्हा नाव आलं नाही, त्याच्यापुढेही समाधानकारक. मुदत संपली की फाइल बांधून कपाटात. त्यातला कोणता मुलगा पाच वर्षांनी कुठे पोचला, कशामुळे पोचला, हे मला वरून कोणी विचारलं नाही. मी तरी कशाच्या जोरावर शोधणार होते? एका अधिकाऱ्याकडे केसेस किती, बालकांचं काम किती, आणि महिन्याचे दिवस किती! शोधणं, मोजणं, ताडून बघणं हे ज्यांचं काम आहे ते तुम्ही. म्हणून हे पत्र शासनाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

आत्ताच लिहायला कारण घडलं आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्या कलम 4 मध्ये शिक्षांच्या यादीत एक नवी शिक्षा आली. फाशी, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, दंड, आणि आता समाजसेवा. कोणी सामुदायिक सेवा म्हणतं, वर्तमानपत्रं समाजसेवा म्हणतात. सहा गुन्ह्यांना ती लावता येते: पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, अब्रुनुकसानी, सरकारी नोकराने बेकायदा धंदा करणं, न्यायालयाच्या जाहीरनाम्यानंतरही हजर न होणं, आणि अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणं. तिच्याबरोबर आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये या शिक्षेची व्याख्या आहे. त्या व्याख्येचा अर्थ एवढाच, की समाजाला उपयोगी पडेल असं काम न्यायालयाने सांगायचं आणि त्याचा मोबदला द्यायचा नाही. किती तास, कुठलं काम, लक्ष कोणी ठेवायचं, काम झालं हे कोणी ठरवायचं, याबद्दल संहितेच्या मजकुरात काही नाही. काम केलं नाही तर मात्र कैद आहे, ती न्याय संहितेच्या कलम 8 मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे.

एक प्रकरण मी जवळून पाहिलं. निवृत्तीनंतर ओळखीच्या वकील बाई कधी कधी बोलावतात म्हणून शिवाजीनगरला जाते. मुलगा 22 वर्षांचा, मजूर अड्ड्यावर उभा राहून मिळेल त्या कामाला जाणारा. बांधकामावर दुसऱ्या मजुराचा मोबाईल उचलला, दोन दिवसांत सापडला, मोबाईल परत मिळाला. फिर्यादीत मोबाईलची किंमत 9,000 लिहिली होती. या आकड्याकडे नीट बघा. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे, म्हणजे जामीन हक्काने मिळतो आणि पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही. पाच हजारांच्या वर गेली की दोन्ही सवलती गेल्या. म्हणून तो तुरुंगात गेला. सहाव्या दिवशी जामीन मंजूर झाला, पण जामीनदार हवा होता. घराची टॅक्स पावती किंवा पगाराची स्लिप असलेला माणूस त्याच्या आईच्या ओळखीत कोणी नव्हता. तो सुटला एक्केचाळिसाव्या दिवशी. पुढे सुनावणीत निघालं की मोबाईल मुळात जुना घेतलेला होता, साडेतीन हजारांना. मुलाने गुन्हा कबूल केला. न्यायालयाने एका सरकारी दवाखान्यात तीन दिवस साफसफाईची शिक्षा दिली.

पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. आस्थापनेच्या खिडकीवरच्या बाईंनी आदेशाची प्रत दोनदा वाचली आणि आत जाऊन विचारून आल्या. मुकादमाला बोलावलं. मुकादम म्हणाला, "पत्र आहे ते बरोबर, पण ह्याला नोंदवू कुठे? हजेरी कंत्राटदाराची आहे." झाडू मोजून दिलेले, जादा झाडू नाही. दुपारी बारापर्यंत तो मुलगा अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसून राहिला, येणाऱ्याजाणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना बसायला जागा देत. मग एका मावशींनी त्याला आपल्याबरोबर घेतलं आणि जिना पुसायला लावला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच त्या मावशींना शोधत गेला. तिसऱ्या दिवशी त्याला प्रमाणपत्र मिळालं. त्यावर टाइप केलेलं होतं: काम समाधानकारक.

मला कोणाचीही तक्रार करायची नाही. त्या खिडकीवरच्या बाई, तो मुकादम, कोणालाही कोणी काही शिकवलेलं नव्हतं. पण या शिक्षेची नोंद उद्या कोणी काढली तर काय दिसेल? तीन दिवस समाजसेवा, पूर्ण. त्याआधीचे 41 दिवस त्या कागदावर नाहीत. नऊ हजाराचे साडेतीन हजार झाले तेही नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली तेही नाही. आणि त्या मावशींनी त्याला काय सांगितलं, ज्यामुळे दुसऱ्या दिवशी तो आपणहून वेळेआधी हजर राहिला, ते तर कुठेच नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात शिक्षेचं जे काही काम झालं ते तिथे झालं.

या शिक्षेबद्दल पुण्यात बोलायला गेलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "म्हणजे तो निबंध?" मे 2024 मध्ये कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा भरधाव मोटारीखाली जीव गेला. अल्पवयीन चालकाला जामीन देताना घातलेल्या अटींत 300 शब्दांच्या निबंधाची अट होती, आणि शहर पेटून उठलं. तो संताप मला समजतो, दोन घरांतली तरुण मुलं गेली होती. पण एक गोष्ट तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती, आणि तीही बाल न्याय मंडळाची. काही दिवसांतच त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं. तरीही पुण्याच्या मनात तुरुंगाबाहेरची शिक्षा म्हणजे श्रीमंताच्या पोराला दिलेली सवलत, असं घट्ट बसलं. प्रत्यक्षात ही शिक्षा कोणाच्या वाट्याला येते, मोटारवाल्याच्या की मजूर अड्ड्यावरच्या, याचं उत्तर अंदाजाने देण्याचं काही कारण नाही. न्यायालयाचे निकाल आणि रोजनामे आहेत, त्यातून ते मोजता येतं. मोजलं तर लोकांच्या शंकेला उत्तर देता येईल, किंवा लोकांची शंका खरी आहे असं प्रामाणिकपणे सांगता येईल.

हे काम पुण्याने करायला हवं असं मी का म्हणते? राज्याच्या कारागृह व सुधारसेवा विभागाचं मुख्यालय जुन्या सेंट्रल बिल्डिंगमध्ये आहे. परिवीक्षा अधिकारी ज्या खात्यात येतात त्या महिला व बाल विकास विभागाचं आयुक्तालय पुण्यात आहे. तुरुंग अधिकाऱ्यांना घडवणारं दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालय येरवड्याला आहे. तिथेच मध्यवर्ती कारागृह, महिला कारागृह आणि खुलं कारागृह आहे. आणि दहा-बारा किलोमीटरच्या परिघात तुम्ही सगळे आहात: गणेशखिंडीचं विद्यापीठ, लॉ कॉलेज रस्त्यावरचं शंभरी ओलांडलेलं आयएलएस विधी महाविद्यालय, 1963 पासून समाजकार्य शिकवणारी कर्वे समाज सेवा संस्था, आणि अर्थशास्त्रात आकडे कसे गोळा करावेत हे देशाला शिकवणारी गोखले संस्था. शिक्षा ठरते, राबवली जाते आणि तिचा अभ्यास होऊ शकतो, अशा सगळ्या जागा एका शहरात आहेत.

येरवडा आपल्याला ठाऊक आहे तो इतिहासाचा. 1932 चा पुणे करार तिथे झाला, गांधीजींच्या कोठडीला भेट देऊन येतो, मुलांना दाखवून आणतो. पण त्याच भिंतींमागे ज्यांची नावं कुठल्याही पाठ्यपुस्तकात येणार नाहीत त्या हजारो माणसांचं आत गेल्यावर आणि बाहेर आल्यावर काय झालं, याचं दहा वर्षं पाठपुरावा करून लिहिलेलं मराठी पुस्तक माझ्या कपाटात नाही, आणि मी शोधणारी बाई आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने 1990 मध्ये 'प्रयास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यांची माणसं तुरुंगात, पोलीस ठाण्यात, न्यायालयात रोज बसतात आणि त्या बसण्यातून त्यांचा अभ्यास उभा राहतो. पुण्याला हे का जमू नये?

देशाची आकडेवारी तुम्ही जाणता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभर 5,73,220 कैदी आहेत आणि जागा 4,36,266. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन अजून दोषी ठरलेले नाहीत. हे आकडे मला पाठ आहेत, कारण त्यातच समाजसेवेच्या शिक्षेची सगळ्यात मोठी अडचण आहे. ही शिक्षा खटल्याच्या शेवटी मिळते. आपल्याकडचा तुरुंग खटल्याच्या आधी भोगला जातो. तेव्हा या नव्या शिक्षेमुळे तुरुंगातली गर्दी कमी होईल असं जे भाषणांतून सांगितलं जातं, ते होईल का? मला तरी शंका आहे. पण माझ्या शंकेला किंमत नाही. शिक्षा झालेल्या प्रत्येकाने आधी किती दिवस आत काढले, हा एक रकाना तुम्ही भरून काढलात तर त्याला किंमत आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती वकिलांच्याही चटकन लक्षात येत नाही. 1958 च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये पहिल्या चोरीला नुसती ताकीद देऊन सोडायची सोय आहे. कलम 4 मध्ये बंधपत्राची. आणि या दोन कलमांखाली सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे जी अपात्रता चिकटते, ती लागू नये असं कलम 12 सांगतं. समाजसेवा ही मात्र संहितेतली शिक्षा आहे. तिला हे कलम 12 चं कवच नाही. म्हणजे ऐकायला सौम्य वाटणारी शिक्षा त्या मुलाला ताकिदीपेक्षा महाग पडू शकते. पहिल्या छोट्या चोरीला "समाजसेवेची शिक्षा होईल" अशीच संहितेची भाषा आहे. मग न्यायाधीश जुना ताकिदीचा रस्ता अजून वापरतात, की तो मागे पडत चालला आहे? तुरुंगात जाणारा समाजसेवेला जातो आहे, की पूर्वी ताकीद घेऊन घरी गेला असता तो समाजसेवेला जातो आहे?

हा प्रश्न मी नव्याने काढलेला नाही. इंग्लंडने 1972 च्या कायद्याने ही शिक्षा आणली. बार्बरा वूटन यांच्या समितीने ती सुचवली होती. 1973 पासून आधी सहा भागांत करून पाहिली, 40 ते 240 तासांची मर्यादा घातली, आणि सुरुवातीपासूनच संशोधक नेमून मोजलं. मोजल्यावर कळलं की ज्यांना ती दिली त्यांच्यातले जेमतेम निम्मे एरवी तुरुंगात गेले असते. बाकीच्यांना एरवी दंड वगैरे झाला असता. जाळं तुरुंगाच्या जागी टाकायचं म्हणून आणलं आणि ते तुरुंगाच्या शेजारी पसरलं. आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण इंग्रजांनी पहिल्या दिवसापासून मोजलं म्हणून त्यांना कळलं, आणि आपण मोजायला सुरुवातच केली नाही तर वीस वर्षांनीही कळणार नाही. आपल्याकडेही ही कल्पना काल आलेली नाही. 1978 मध्ये दंडसंहिता दुरुस्तीच्या विधेयकात ती होती, राज्यसभेने ते मंजूरही केलं, लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. तुरुंग सुधारणांसाठी नेमलेल्या मुल्ला समितीने 1983 मध्ये तुरुंगाला पर्याय शोधा म्हणून पुन्हा सांगितलं. अल्पवयीनांच्या कायद्यात तर समाजसेवा वीसहून अधिक वर्षं आहे. त्या वीस वर्षांत पुण्यात किती मुलांना दिली, काय काम दिलं, त्या मुलांचं पुढे काय झालं? माझ्याही फायलींत तशी मुलं होती. मला विचारलंत तर मी चार चेहरे सांगेन, संख्या सांगू शकणार नाही.

तुरुंगाने माणूस सुधारतो का, यावर जगभर काम झालं आहे. 2021 मध्ये 116 अभ्यास एकत्र ताडून पाहिले, तेव्हा निघालं की तुरुंगात पाठवल्याने पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण कमी होत नाही, किंचित वाढतं. हे ऐकून मला आनंद झाला होता, पण हे बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले. तिथली 'पुन्हा गुन्हा' ही मोजपट्टी पुण्यात जशीच्या तशी लावली तर फसगत होईल. का ते सांगते. गणपती तोंडावर आले की शहरात प्रतिबंधक कारवाई सुरू होते आणि 'रेकॉर्डवरची' पोरं उचलली जातात. ज्याचं नाव एकदा वहीत चढलं तो काही न करताही दरवर्षी उचलला जाऊ शकतो. तुम्ही 'दोन वर्षांत पुन्हा अटक झाली का' एवढंच विचारलंत, तर उत्तर हो येईल आणि तुम्ही लिहाल की समाजसेवा फसली. त्या अटकेमागे नवा गुन्हा होता की नुसती जुनी नोंद, हे वेगळं काढायला त्या वस्तीत जावं लागेल.

वस्तीत कसं जायचं हेही शिकावं लागतं. पर्वतीच्या डोंगरउतारावर, जनता वसाहतीत, एका मुलाच्या घरी मी वर्षभर जात होते. त्याची आई मला पहिल्याच दिवशी दारातून जवळजवळ आत ओढून म्हणाली, "ताई, शेजारी विचारलं तर विम्याच्या बाई म्हणून सांगते हां." मी वर्षभर त्या गल्लीत विम्याच्या बाई होते. दोन घरांनी मला हप्ता किती म्हणून विचारलंही. खरं सांगितलं असतं तर मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडलं असतं. त्या मुलाचं काम टिकलं, घर टिकलं, आणि शेऱ्यात मी नेहमीचा शब्द लिहिला. तुमच्या प्रश्नावलीच्या कागदावर ही बाई तिसऱ्या भेटीआधी काही सांगणार नाही. विद्यार्थ्यांना एक दिवस येरवड्याला बसने नेऊन, दरवाजाशी फोटो काढून 'क्षेत्रभेट' भरण्याऐवजी अशा एका घरी वर्षभर जाऊ द्या.

आता कामाच्या स्वरूपाबद्दल. जिथे तिथे या शिक्षेत झाडू का येतो? साफसफाई हीच शिक्षा ठरवली, तर त्या दवाखान्यातल्या मावशींना आपण काय सांगतो? त्या रोज सकाळी सहाला येऊन तेच काम करतात, तेही शिक्षा म्हणून का? ज्या शहरात सावित्रीबाई आणि जोतिबांनी काम केलं त्या शहरात तरी हा प्रश्न विचारायला हवा. आणि जातीचं काय? कोणाला वाचनालयात पुस्तकांना नंबर घालायला बसवलं आणि कोणाला संडास धुवायला पाठवलं, हे एकदा तक्त्यात मांडून पाहा. मला त्या तक्त्याची भीती वाटते. पण तो मांडलाच पाहिजे. मजुराला दिवसाच्या वेळी फुकट काम लावलं तर त्याची चूल त्या दिवशी बंद राहते, पगारदाराची राहत नाही. रविवारी किंवा संध्याकाळी तास वाटून दिले तर काय फरक पडतो, हेही करून पाहण्यासारखं आहे.

'समाजात ठेवून शिक्षा' हा शब्दप्रयोग ऐकून ज्यांच्या अंगावर काटा येतो अशी माणसंही महाराष्ट्रात आहेत, हे विसरू नका. येरवड्याचा तुरुंग 1871 चा, आणि गुन्हेगार जमाती कायदाही 1871 चाच. त्या कायद्याखाली पारध्यांना, कैकाड्यांना सेटलमेंटच्या तारेआड ठेवलं, दिवसातून हजेऱ्या घेतल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला संपला. हजेरी सगळीकडे संपली का? तडीपारीही तुरुंगाबाहेरचीच कारवाई आहे. पोलीस कायद्याच्या कलम 55 ते 57 खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येतं. त्याची बायको, त्याचं दुकान, पोरांची शाळा मागे राहते, आणि तो शेजारच्या जिल्ह्यात कुठल्या तरी लॉजवर किंवा मावसभावाकडे. शिक्षाशास्त्राच्या पुस्तकात तडीपारीवर प्रकरण नसतं, कारण ती पुस्तकं बाहेरची. पुण्यात लिहिलेल्या पुस्तकात ते असायला हवं.

विश्वासाची परंपराही आपलीच आहे. औंध संस्थानाने, म्हणजे आपल्या पुण्यातल्या औंधाने नव्हे, साताऱ्याकडच्या औंधाने, 1930 च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. भवानराव पंतप्रतिनिधी राजे, आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची कल्पना. भिंत नाही, कुंपण नाही, जन्मठेपेचे कैदी माळरान कसतात. त्यावर पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा निघाला तो सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे राहून सुटलेल्यांच्या दुसऱ्या पिढीला जाऊन भेटलेला संशोधक मला भेटलेला नाही. असेल तर कृपया मला कळवा, मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

परवानग्यांची अडचण तुम्ही सांगाल. तुरुंगात शिरायला परवानगी लागते, ती वेळ खाते, मान्य. पण ही शिक्षा तर तुरुंगाबाहेरची आहे. शिवाजीनगरच्या, लष्करच्या, पिंपरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांचं दालन खुलं असतं, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं. आदेश संगणकावर दिसतात. पाच विद्यार्थी वर्षभर आळीपाळीने बसले तरी पुण्यातल्या समाजसेवेच्या शिक्षांची पहिली खरी यादी तयार होईल. तीत वय, धंदा, मालाची लिहिलेली आणि ठरलेली किंमत, आधी आत काढलेले दिवस, काम कुठलं, पुरं झालं का, एवढं आलं तरी आज आपल्याकडे आहे त्यापेक्षा खूप जास्त असेल. नाव नको, पत्ता नको. ही माणसं आधीच एका वहीत चढलेली आहेत, तुमच्या वहीने त्यांचं नुकसान होता कामा नये. विद्यापीठाने न्यायालयाशी आणि महिला व बाल विकास आयुक्तालयाशी रीतसर करार केला तर माझ्यासारख्यांच्या जुन्या फायलीही, नावं झाकून, वाचता येतील. कपाटं अजून आहेत. वाळवी लागण्याआधी या.

मी कोथरूडला राहते. गृहचौकशी कशी करावी, जिना चढताना आधी कोणाशी बोलावं, कोणत्या घरात बसू नये आणि कोणत्या घरात चहा नाकारू नये, हे मी कोणत्याही महाविद्यालयात येऊन मानधनाशिवाय शिकवीन. माझ्या समवयस्क निवृत्तांपैकी आणखी चौघांनी तयारी दाखवली आहे. एका सत्राची घोषणा करा, आम्ही येतो.

तो 22 वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात आला होता. आता कुरिअरच्या गोदामात लावून घेत आहेत, पण चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायचा आहे. त्यात विचारलं आहे, आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय? "मॅडम, तीन दिवस जिना पुसला, ती शिक्षा धरायची का?" मी 31 वर्षं या कायद्याखाली काम केलं आणि मला त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. वकील बाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या दोन दिवस द्या. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. तो रकाना कोरा आहे.

आपली,
एक निवृत्त परिवीक्षा अधिकारी
कोथरूड, पुणे